गिरजाघराच्या कागदावरची पहिली सही

आजच्या निरोपाच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष, आपले सरपंच मधुकरराव. मंचावर बसलेले पाळकसाहेब प्रभाकरराव आणि त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या सुलोचनाबाई. मिशनकडून आलेले पाहुणे. समोरच्या माझ्या आयाबहिणी. आणि खुर्च्या रिकाम्या असूनही मागे भिंतीले टेकून उभे असलेले पुरुष लोक, तुम्हा सर्वांना आनंदाबाईचा नमस्कार.

हे एवढं मी आठ दिवस पाठ केलं. कोणाचं नाव राहिलं असेल तर त्यानं ते मनातल्या मनात घ्यावं. मागे आमच्या आळीतला तानबा हसून राह्यला. हास बापू. साठी उलटलेल्या बाईले पहिल्यांदा माईक भेटला, ती का लवकर सोडणार आहे? खरं सांगते, मले आज आनंद झाला. होऊ नये अशा दिवशी झाला. मी स्वतः लिहिलेलं स्वतः वाचून राह्यली, आणि ज्या बाईनं मले वाचायले शिकवलं ती इथं मंचावर बसून ऐकून राह्यली. बाकी आनंद करण्यासारखं आज आहे काय? जागा सरकारी आहे म्हणून सोमवारी हे गिरजाघर पाडणार. इथं दुकानांचे गाळे होणार, मोटारस्टँड होणार. पाळकसाहेब अन् बाई उद्याच्या देवळीच्या बसनं जाणार. ज्या पाळकाले चर्चच राहिलं नाई, त्यानं गावात राहून काय करावं?

आमच्या घराची मागची भिंत आणि या आवाराचं कुंपण एकच. मी लग्न होऊन आली, तेव्हा सासूनं मले विहीर दाखवली आणि ही घंटा ऐकवली. म्हणाली, "सकाळची घंटा झाली का तवा चुलीवर पाहिजे." आमचे देव वेगळे, पण तवा याच घंटेवर चढला. कापूस वेचायले निघालेल्या बाया याच पायऱ्यांवर एकमेकींची वाट पाहत. आणि माझ्या मिरच्या चाळीस वर्षं याच वऱ्हांड्यात वाळल्या. एका ईस्टरले मी त्या उचलायले विसरली, तर सगळी प्रार्थना शिंकत शिंकत झाली. पाळकसाहेब तेव्हा नवीन होते. मले वाटलं, आता बोलणी खायची. ते म्हणाले, "आनंदाबाई, आज देवालाही ठसका लागला असेल."

मी भरकटली. तर, पाच वर्षांमागं सरकारनं प्रौढ शिक्षणाचे वर्ग काढले. गावात जागा नोती. सुलोचनाबाई म्हणाल्या, "वऱ्हांडा आहे ना." दुपारी दोन ते चार. अकरा बाया बसलो, सहा टिकलो. शेजारची देवकाबाई मले म्हणे, "आता शिकून तहसीलदार होते का व?" मी म्हटलं, होईन, अन् पहिली नोटीस तुलेच पाठवीन. बाई सांगत, "मोठा शब्द दिसला की घाबरायचं नाही. भाकरीसारखा तोडायचा. एकेक तुकडा घ्यायचा." मी तसंच करत गेली. दुकानाच्या पाट्या, बसच्या पाट्या, औषधाच्या बाटल्या, सगळं तोडून तोडून वाचलं.

गेल्या दिवाळीनंतर पाळकसाहेब आणि बाई लेकीच्या बाळंतपणासाठी चंद्रपूरले गेलते. त्या आठवड्यात एक सरकारी साहेब जीपमधून आला. शेजारपाजारच्यांच्या सह्या पाहिजे म्हणे. तानबानं विचारलं, "कायचा कागद आहे साहेब?" साहेब म्हणाला, "गिरजाघराच्या कामाचा आहे, वाचून घ्या." तो माणूस खोटं काही बोलला नाई, हे मले सांगितलंच पाहिजे. सगळ्याइनं माझ्याकडे पाहिलं. काय सांगू, त्या दिवशी मले कसं वाटलं. मी चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचलं: सदर जुन्या इमारतीचे निर्लेखन करण्यास आमची हरकत नाही.

निर्लेखन. हा शब्द मले माहीत नोता. मी तो तोडला. पहिला तुकडा निर्, दुसरा लेखन. लेखन तर माझ्या वहीवर छापलेलं होतं. मी म्हटलं, "म्हणजे नीट लेखन. जुनं आहे म्हणून आपलं गिरजाघर सरकारी दप्तरात नीट लिहून ठेवणार." देवकाबाई म्हणाली, "बरं झालं माय, इतक्या वर्षांचं आहे, लिहायलेच पाहिजे." पहिली सही मी केली, खाली रेघ मारून. माझ्या मागे सारी आळी. कोणाची सही, कोणाचा अंगठा. वर मी साहेबाले चहा पाजला.

बाई परत आल्या तर मी फुशारकी मारायले धावत गेली. त्याइनं तो शब्द मले दोनदा म्हणायले लावला. मग याच पायरीवर बसल्या. "आनंदाबाई, निर्लेखन म्हणजे दप्तरातून काढून टाकणं. ते झालं की इमारत पाडता येते." मी म्हटलं, लेखन तर आहे ना त्यात? म्हणाल्या, "आहे. पण निर् म्हणजे नाही." मी म्हटलं, निर्मळ म्हणतो आपण, तो निर् तर चांगला असते. म्हणाल्या, "त्यातही नाहीच आहे. मळ नाही."

मग सारं गाव उठलं. मोजणीवाले आले तेव्हा आम्ही बाया आठ दिवस या पायऱ्यांवर बसलो. गिरजाघरात जाणाऱ्या आणि न जाणाऱ्या, दोन्ही. शेवटी मोठ्या साहेबाच्या कचेरीत गेलो. बसमध्ये मधुकरराव माझ्या कानात म्हणाले, "काकू, तिथं सांगजा का मले वाचता येत नाई. फसवून सही घेतली म्हणून कागद रद्द करता येते." मधुकरराव, हे माईकवर सांगायचं नोतं, पण आता सांगून झालं. साहेबानं कागद फिरवून विचारलं, "लोकांचा विरोध आहे, तर ही पहिली सही कोणाची?" मी म्हटलं, माझी. "तुम्हाला वाचता येतं?"

माझ्या बाजूले सुलोचनाबाई उभ्या होत्या. मी म्हटलं, येते.

साहेबानं कागदाची घडी करून फायलीत ठेवला. गावानं आजवर विचारलं नाई, आनंदाबाई, काऊन असं म्हटलं? आज मी आपणहून सांगते. बाईनं माझ्यावर पाच वर्षं मेहनत केली. तिच्या तोंडावर मले 'येत नाई' म्हणवलं नाई. आणि त्या एका शब्दानं तिचंच बिऱ्हाड उठलं.

आता या कार्यक्रमाचं मानपत्र मीच वाचावं असा बाईंचा हट्ट आहे. त्यात एक शब्द आहे, अविस्मरणीय. मी तो तोडला नाई. सकाळी त्यांचं सामान बांधून राह्यलो होतो, तेव्हा सरळ त्यांनाच विचारला. म्हणाल्या, "विसरता येत नाही ते." आता तो मी वाचीन.

अध्यक्षांनी मले बोलू दिलं, तुम्ही ऐकून घेतलं, पाहुणे उन्हातून आले, सर्वांचे उपकार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर म्हातारी म्हणून सोडून द्या. वाचण्यात झालं ते सोडू नका.