ऑइल बदलताना समोर उभं राहायचं

जय भीम ताई, या, बसा, त्या खुर्चीवरचे कपडे सरकवा बाजूला, धुतलेलेच आहेत, घडी घालायला जीव नाही उरला. माझं काय लिहून घेणार तुम्ही, माझ्यासारख्या नर्सा इथे ढिगानं सापडतील. मी नागपूरची, इंदोऱ्याची. वडील मिल बंद पडली तेव्हापासून घरीच, आई शाळेत शिपाई, आम्ही चार भावंडं अन् त्यात मी थोरली, म्हणजे शिकून लवकर कमवायचं हे कोणी सांगायची गरजच नव्हती. नर्सिंग केलं, नागपुरात नोकरी केली, मग आखातात, मग परीक्षा देऊन देऊन इथे ऑस्ट्रेलियात, टूवूंबाला, एज्ड केअरमध्ये, म्हणजे म्हाताऱ्या माणसांचं घर. आलो तेव्हा आमची सान्वी चालायला शिकत होती, आता मराठीत विचारलं की इंग्लिशमध्ये उत्तर येतं, मीही आता टोकत नाही, कोण भांडत बसेल.

तर तुम्ही गाडीचं विचारून राहिल्या होत्या. टूवूंबात गाडी नाही म्हणजे माणूस लंगडा. माझी शिफ्ट पहाटेची, तेव्हा बस कुठली, अन् व्हिसा आहे तो नोकरीच्या भरवशावर. गाडी बंद म्हणजे ड्यूटी बंद, ड्यूटी बंद म्हणजे चला आपापल्या घरी. अन् ती गाडी, म्हणजे जुनीच घेतलेली, छोटीशी, तिचं सगळं खातं ह्यांच्याकडे, आमच्या मिस्टरांकडे. मी फक्त चालवायची.

काय सांगू तुम्हाला, ह्यांची एक सवय. नागपुरात स्कूटर होती तेव्हापासून. ऑइल बदलायचं तर मेकॅनिकच्या डोक्यावर जाऊन उभं राहायचं. नवा डबा आपल्या समोर फोडायला लावायचा, जुनं काळं ऑइल खाली पडताना बघायचं, शेवटचा थेंब पडेपर्यंत. पाठ फिरवली की जुनंच परत ओततात, असं ह्यांचं म्हणणं. इथे आलो तरी तेच. इथला मेकॅनिक ग्लेन, मोठा भला माणूस, तो म्हणायचा, मेट, आत जाऊन कॉफी घे, तर हे म्हणायचे, नो नो, आय अ‍ॅम गुड, अन् उभेच. मला तर लाज वाटायची बाप्पा.

मग बाबा पडले, म्हणजे माझे सासरे, मांडीचं हाड मोडलं. एकुलता एक मुलगा, जायलाच पाहिजे. हे नागपूरला गेले, म्हणाले तीन आठवड्यांत येतो, अन् त्याच महिन्यात कोरोनामुळे इथली बॉर्डर बंद. आमचा व्हिसा टेम्पररी, परमनंटवाल्यांना तरी येता येत होतं, ह्यांना नाही. अर्ज केला, नकार आला, परत केला, परत नकार. एक वर्ष गेलं तसंच. मग दुसऱ्या उन्हाळ्यात नागपुरात काय झालं ते तुम्ही ऐकलंच असेल, त्यात बाबा गेले. ह्यांनी फोन केला, बाबा गेले म्हणाले, अन् त्यावर पुढे एक शब्द नाही. मी विचारायची तर म्हणायचे, जेवलो, झोपलो, ठीक आहे, गाडी कशी आहे? रोज तेच. गाडी कशी आहे, टायरमध्ये हवा बघितली का, स्टिकरवर सर्व्हिसची तारीख काय आहे. मी आठ-दहा म्हाताऱ्यांना उचलून, पुसून, भरवून, तोंडावर मास्कचे वळ घेऊन घरी यायची, सान्वीचा अभ्यास, स्वयंपाक, अन् हा माणूस विचारतो टायरमध्ये हवा आहे का. चिडायची मी मनातल्या मनात.

जूनमध्ये, म्हणजे इथल्या थंडीत, गाडीत तो सर्व्हिसचा पिवळा दिवा लागला. ग्लेनकडे नंबर लावला. ह्यांनी बजावलं, समोर उभी राहा, व्हिडिओ कॉल लाव, मला ऑइल पडताना दाखव. गेले तर गॅरेजच्या दारात जमिनीवर पट्टी चिकटवलेली, याच्या पुढे कस्टमरनं यायचं नाही. ग्लेन म्हणाला, सॉरी लव्ह, कोविड, इथे कोणत्याही बाईला लव्हच म्हणतात. मी काय भांडणार त्याच्याशी, मी स्वतः रोज दारात उभी राहून लोकांना तेच सांगते, तुमच्या आईला खिडकीतून बघा, आत येता येणार नाही. तर मी किल्ली दिली, बाहेर एक प्लास्टिकची खुर्ची होती तिच्यावर बसले, पहाटेची ड्यूटी करून थेट आले होते, ऊन जरा अंगावर आलं, अन् मला झोप लागली. फोन वाजून वाजून थकला. ग्लेननं उठवलं तेव्हा काम झालेलं.

घरी पोचते न पोचते तो ह्यांचा फोन. बघितलं का? म्हटलं, नाही, झोपले मी. झालं. झोपली? काय करून राहिली तू? बोनेट उघड, कांडी काढ, पूस, परत घाल, परत काढ. मी दारात, आमच्या त्या चढावरच्या ड्राइव्हवेवर, एका हातात फोन, एका हातात ती ऑइल बघायची कांडी. ऑइल खालच्या खुणेच्याही खाली. हे म्हणाले, बघ! सांगितलं होतं नं? कमी टाकलं. शेडमध्ये माझा डबा आहे, ओत. मी ओतलं. थोडं ओतून म्हटलं, पुरे का, तर म्हणाले, ओत अजून. अख्खा डबा रिकामा केला ताई, मला काय कळतं, डोळे मिटत होते माझे.

दुसऱ्या दिवशी पहाटे थंडी ही अशी, धुकं, गाडी चालू केली तर मागून पांढरा धूर, जळका वास, इंजिन थडथड करतंय. सान्वीला वाटेत सांभाळणाऱ्या बाईकडे सोडायची असते, ती मागच्या सीटवरून ओरडली, ममा, इट्स ऑन फायर! तिला बाहेर ओढलं, गाडी बंद केली अन् तिथेच गवतावर बसले. मला वाटलं, संपलं. इंजिन गेलं, नोकरी गेली, आता सामान बांधा. कामावर कळवलं, त्यांनी ठीक आहे म्हटलं खरं, पण आवाजातलं कळतं नं आपल्याला. गॅरेज उघडल्यावर ग्लेनला फोन केला. तो म्हणाला, हात लावू नको, मी येतो. ट्रे घेऊन आला, खाली झोपला, जास्तीचं ऑइल काढलं. म्हणाला, ऑइल सपाट जागेवर बघतात लव्ह, तुझी गाडी इथे नाक वर करून उभी आहे, कमीच दिसणार. इंजिन वाचलं, म्हणाला, धूर निघेल थोडा वेळ, नो वरीज. अन् विचारलं, तुझा नवरा कुठे आहे, तो उभा राहणारा? मी सांगितलं. तो नुसतं ओह म्हणाला अन् हात पुसत राहिला.

मग मी ह्यांना फोन केला. ताई, लग्नाला बारा वर्षं झाली, मी कधी चढ्या आवाजात बोलले नाही, त्या दिवशी अहो-जाहो सगळं गेलं. म्हटलं, तुला गाडीतलं काय कळतं ते तरी सांग, तिकडे बसून हे कर ते कर, माझी नोकरी घालवली असतीस आज, पोरीला घेऊन मी कुठे गेले असते?   हे म्हणाले, काही नाही कळत. मला गाडीतलं काहीच कळत नाही गं. म्हटलं, मग इतकी वर्षं काय बघत होतास? तर म्हणाले, नुसता उभा राहायचो. आपलं माणूस उभं असलं म्हणजे काम नीट करतात, एवढंच ठाऊक होतं. अन् मग एकदम म्हणाले, बाबांजवळ उभं राहू दिलं नाही मला. हॉस्पिटलच्या गेटवरच थांबवलं. मी चार दिवस गेटवर होतो. आत कोणी बघितलं असेल का गं त्यांच्याकडे?

मी नर्स आहे ताई. मला माहीत आहे अशा वॉर्डात काय होतं अन् काय होत नाही. मी म्हटलं, बघितलं असेल, आम्ही बघतो. खरं का खोटं ते मला माहीत नाही. पण ते रडले, बाबा गेल्यापासून पहिल्यांदा, अन् मी इकडे गवतावर बसून रडले, सान्वी येऊन मला चिकटून बसली.

आता बॉर्डर उघडेल म्हणतात, या महिन्यात, पुढच्या महिन्यात, मी वाट बघायचं सोडलं आहे, येतील तेव्हा येतील. गाडी चालू आहे, नोकरीही आहे. मागच्या आठवड्यात परत सर्व्हिस होती. ग्लेनला सांगितलं, आत नाही येत, पट्टीच्या अलीकडेच उभी राहते, चालेल का? त्यानं शटर जरा जास्त वर केलं. मी ह्यांना व्हिडिओ लावला अन् फोन समोर धरला. दिसत काही नव्हतं, गाडीखालून ग्लेनचे बूट तेवढे.  हात दुखायला लागला की दुसऱ्या हातात फोन घ्यायची. काम होईपर्यंत आम्ही दोघं तिथे उभे होतो.