उसाखालची मोझेलमावशी

माझं माहेर फलटणकडचं. लगीन हून उंब्रजच्या अलीकडं ह्या गावात आले तवा शेजारचं घर मोझेलमावशीचं. ज्यू लोकं आवं ती. तेलाचा घाणा हुता आन शनवारी बंद, म्हनून गाव त्यांस्नी शनवारतेली म्हनायचं. आदी बरीच घरं हुती म्हनं, एकेक करत मुंबईला आन तिथनं इस्राएलला गेली. मावशीचा एकुलता ल्योक शालोम, त्यो बी गेला. आई चल, आई चल, म्हनून लय मागं लागला, पर ती म्हनायची, माझी लेक हितं हाय, तिला एकटी टाकून कशी येऊ. लेक ल्हानपनीच तापानं गेलेली, वढ्याकाठच्या त्यांच्या दफनाच्या जागंत पुरलेली.

माझं पयलं बाळ जाऊन मी अन्न टाकलं, तवा ह्याच बाईनं मला मांडीवर घिऊन भरवलं. काय सांगू तुमाला, सख्ख्या आईनं बी तेवढं केलं नसतं.

ती गेली तवा गावात तिच्यातलं एक मानूस न्हवतं. आमच्या मालकांनी आन दिरानं खड्डा खांदला, पांढऱ्या कापडात गुंडाळून लेकीशेजारी ठिवली. पर प्रार्थना कोन म्हननार? मला शेमा इस्राएल एवढंच दोन शब्द ठावं, शुक्रवारी दिवा लावताना तिच्या तोंडनं ऐकल्यालं, तेच म्हनत ऱ्हायले. फुडचं येतच न्हवतं. मालक म्हनले, बास, पोचलं आसंल.

मालक गेल्यावर ती जागा कुनी कुनाला इकली देव जाने. एक दिस जेसीबी आला. मी आडवी झाले, म्हनलं आरं बाबा, खाली मानसं हायती. त्यो जागंचा नवा धनी म्हनला, आजी, कागदावर पड रान हाय. माझाच ल्योक मला दंडाला धरून घरला घिऊन आला, म्हनला, आई, त्यांच्याशी वाकडं घिऊन आपल्याला ऱ्हायाचं हाय का हितं. मावशीच्या लोकांच्या भाषेतली आन मराठीतली नावं कोरल्याली दगडं उपटली, वढ्याच्या बांधाला घातली, वर ऊस लावला. लय जोमानं आला. मी त्या वाटंनं जायाचं सोडलं.

मागल्या साली शालोम आला, पार म्हातारा हून. बोली मातर हितलीच. मला म्हनला, हौसा, आई कुटं हाय गं? बांधावर नेला. ऊस डोक्याच्या वर, मी बोट केलं तर म्होरं नुसता पाला. त्यानं शर्टाची गळपट्टी धरली आन टरकन फाडली, मानूस गेलं की त्यांच्यात तशी रीत हाय. रडला न्हाई. म्हनला, तोड झाली की कळीव, निदान तिथं हुबा तर ऱ्हाईन.

औंदा तोड झाली. नातीकडनं फोन लावून घेतला. त्याच्या लेकीनं उचलला, मोडकंतोडकं बोलली, पप्पा गेले म्हनली. मी रानात गेले, तर मोकळ्या रानात तोडल्या बुडख्यांतनं परत खोडवा फुटाय लागल्याला. कुटं हुबं ऱ्हावं ते बी उमगंना.

माझं तरी आता किती दिस ऱ्हायल्यात. ती पोरगी म्हनली, तिकडं त्याच्या उशाला दगड बसवलाय, नाव घातलंय. बरं झालं बाबा. तेवढं तरी त्याला गावलं.