गावकाराचं गाऱ्हाणं

मंडळी, ऐका. सोपा प्रश्न आहे – जो गावाचं दुखणं देवाला सांगतो, त्याचं दुखणं देवाला सांगायचं कुणी? करा विचार. तोवर मी गोष्ट सुरू करतो, नाहीतर तुम्हाला डुलकी लागायची.

कातळवाडीचे गावकार लवू धुरी. जत्रेला गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. म्हणजे काय? नारळ हातात धरायचा, ज्याचं जे दुखतं-खुपतं ते खड्या आवाजात देवापुढे मांडायचं, आणि जमलेल्यांनी 'व्हय महाराजा' म्हणून दुजोरा द्यायचा. कुणाची कंबर, कुणाचं लग्न, कुणाच्या म्हशीचं दूध – लवूंना सगळं पाठ. हसू नका, म्हैसही देवाचीच!

लवूंचं स्वतःचं मात्र काही नसे. बायको इंदू तब्येत विचारी, तर उत्तर ठरलेलं – माका काय धाड भरलीहा? मंडळी, धाड कधी सांगून भरते का?

थोरला भाऊ गेल्यापासून लवूंची झोप उडाली होती. देवळाची चढण चढताना छाती आवळायची. मग ते वाटेत थांबून समोरच्या आंब्याला मोहर किती आलाय ते न्याहाळत. आंबा कसला, फणस होता तो!

यंदा जत्रेच्या सकाळी कळ आली ती थेट दंडापर्यंत. लवू घाबरले. पण गावकारच घाबरला म्हटल्यावर मान काय राहिला? सगळ्यांची गाऱ्हाणी आटोपली, तसा त्यांनी आणखी एक नारळ उचलला.

"बा देवा महाराजा, तुझां एक लेकरू आसा. चढणीर तेची छाती आवळता. रातची झोप नाय. माणसांत हसता, नि गोठ्यात जावन रडता. तेका बरां कर."

'व्हय महाराजा!' – काय तो आवाज! कौलांवरची कबुतरं उडाली. एवढा दुजोरा पावसाच्या गाऱ्हाण्यालाही मिळाला नव्हता. का? प्रत्येक पुरुषाला वाटलं, हे तर माझंच!

लवू घाईनं नारळ ठेवायला वाकले. तेवढ्यात बायकांमधून इंदू उठली. भर देवळात गावकाराला टोकायची रीत नाही. तिनं टोकलं.

"नाव घेवा. दुसऱ्याचां बिननावाचां गाऱ्हाणां तुमका चालना नाय. देव आता खंयच्या घराक जातलो?"

लवूंनी देवाकडे पाहिलं. पुजाऱ्याकडे पाहिलं, तो वाती सारू लागला. त्यांनी नारळ पुन्हा वर धरला.

"लवू धुरी," ते म्हणाले. "माझांच ता."

कुणी हसलं नाही. दशावतारात राजाचं सोंग घेणारा, मिशीला पीळ देणारा तातू गावडे हळूच पुढे सरकला. "लवूदा, माझांय घाल." त्याच्या मागे दुसरा. मग रांगच लागली.

आणि देवानं काय केलं? वाहन धाडलं – तातूचा टेम्पो! लवू तडक तालुक्याच्या दवाखान्यात. रक्तवाहिनी तुंबलेली, डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात. मग त्यांनी झोपेचं विचारलं, भावाचं विचारलं. लवू तिथंच, इंदूच्या देखत रडले. गोठा लागला नाही.

आता तुम्ही. 'कसं आहे?' विचारल्यावर 'झकास' म्हणून विषय मिटवणाऱ्यांनी हात वर करा. बघा, सगळे पुरुष सतरंजीचे धागे मोजतायत! बरं, हात राहू द्या. शेजाऱ्याकडे वळा आणि खरंच काय दुखतंय ते त्याला सांगा. मी चिपळ्या खाली ठेवतो. तुमचं बोलून झालं की आरती. देवाला घाई नाही.