लेकरू कोणी घ्यायचं?

नवऱ्यानं लेकरू उचललं की घराण्याची अब्रू जाते, असं आमच्या सासऱ्यांचं मत होतं. कॉलेजात तर्कशास्त्र शिकूनही मला त्याला उत्तर सुचलं नव्हतं. ते माझ्या दीड वर्षाच्या बाळूला सुचलं.

आम्ही रिठदहून बैलगाडीनं वाशीमच्या जत्रेला निघालो होतो. थोरली ठमी माझ्या मांडीवर ओकत होती, बाळू खांद्यावर रडत होता आणि माझे हात गळून गेले होते. यांनी बाळूला घेतलं. सासरे कडाडले, "बापासमोर सोताचं लेकरू घेऊन राह्यला? लाज नाई वाटत तुले? बायकोजवळ दे!"

"तिचे हात दुखून राह्यले, बाबा."

"आमच्या बायकायचे नाई दुखले काई!"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात यांनी बाळूला सासऱ्यांच्याच मांडीवर ठेवलं. "मंग तुमी घ्या. आजानं घेतलं तं चालते ना?"

आजानं घेतलेलं चालत होतं, म्हणून सासऱ्यांनी बाळूला मांडीवर सावरून घेतलं. पाव कोसही गेलो नसू, तोच बाळूनं त्यांचं जत्रेसाठी काढलेलं पांढरं धोतर पार भरवलं.

"अरे, घे याले! लवकर घे!"

यांनी हाताची घडी घातली. "तुमच्यासमोर कसं घेऊ, बाबा?"

"घे म्हणतो ना!"

नाल्यावर गाडी थांबवून यांनी आधी बाळूला धुतलं, मग धोतर. जत्रेहून परतताना दोन्ही लेकरं यांच्याच अंगावर होती. जत्रेत काय पाहिलं ते विचारू नका. मी रिठद येईपर्यंत झोपले, एवढंच आठवतं.