तोंडाला खोबरेल

पुतळी : मग? काय बोलली ती पेणची डॉक्टरीण?

प्रतिक्षा : खोबरेल बंद करा बोलली, आई. केसांना चालेल, हातापायांना चालेल. चेहऱ्याला अजिबात नको.

पुतळी : खोबरेलाला नावं ठेवते! तिच्या आयशीनं तिला काय गाडीचं ग्रीस लावून वाढवली?

प्रतिक्षा : माझी कातडी मुळातच तेलकट. वरून खोबरेल चोळलं की छिद्रं बुजतात, पुळ्या वाढतात. लग्न झाल्यापासून रोज तुमच्यासमोर लावतेय. बघा तरी एकदा. हनुवटीला बोट लागलं तरी डोळ्यांत पाणी येतं.

पुतळी : आतली घाण हाय ती. पडू दे भायेर.

प्रतिक्षा : घाण?

पुतळी : व्हय, घाण! माहेरी रामवाडीत टपरीवर काय काय गिळलंस ती. बघायला आलो तेव्हा पावडर थापून बसलीवतीस. फसवलात माझ्या निकेशला.

प्रतिक्षा : निकेशना मी तेव्हाच सांगितलं होतं. ते नुसते हसले.

पुतळी : त्याला काय कळतंय! डोलवीच्या कंपनीतनं शिफ्ट करून आला की बायको कुठची नि म्हस कुठची, त्याला समजत नाय.

प्रतिक्षा : उद्या माझ्या भावाची हळद. हे तोंड घेऊन मी जाणार नाही.

पुतळी : नको जाऊस. आपल्या रोह्याचं नाव तरी राहील.

प्रतिक्षा : पूजापण येत नाही बोलतेय.

पुतळी : ती का नाय? नवा ड्रेस शिवलाय तिला!

प्रतिक्षा : तुमची पोटची पोर घरात तोंडाला ओढणी बांधून फिरते, आई. क्लासला जाते सांगून मैत्रिणीकडे बसते. दिसलं नाही तुम्हाला?

पुतळी : पूजा! इकडं ये गो. सोड ती ओढणी.

(पूजा ओढणी सोडते. दोन्ही गाल पुळ्यांनी लाल झालेत.)

पूजा : हात नको लावू, आई. दुखतंय.

पुतळी : अगो बाय माझे! कधीपासनं ह्या?

पूजा : तू वहिनीबरोबर मलापण तेल चोळायला लावलंस, तेव्हापासनं. क्लासमधली पोरं मला फणस बोलतात.

पुतळी : जा, साबणानं तोंड धू. आणि ती बाटली हाताला नको लावूस परत. प्रतिक्षा, उद्या हळदीला जाताना हिला त्या डॉक्टरणीकडं दाखव.

प्रतिक्षा : खोबरेलाला नावं ठेवणाऱ्या?

पुतळी : नेतेस का नाय, तेवढं बोल.

प्रतिक्षा : नेते. मग आई, मीपण बंद करू ना तेल?

पुतळी : तुला मी कधी धरून ठेवलीवती?