दोन तोळे कमी भरलेला पिस्टन

आदरणीय अध्यक्ष मोरोपंत, व्यासपीठावरील मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती मानाजी मिस्त्री, समोर बसलेल्या त्यांच्या सौभाग्यवती भवानीवहिनी आणि देवासकर बंधुभगिनींनो,

मानाजी आज मोटार कारखान्यातून निवृत्त होत आहेत. त्यांच्याविषयी गोड बोलावं, अशी अध्यक्षांची आज्ञा आहे. पण माझ्या मनात तीन वर्षांपूर्वीची एकच दुपार आहे. तिचा धक्का अजून ओसरलेला नाही.

चौपन्न साली उज्जैन रस्त्यावर पाव मैलाची मोटरसायकल शर्यत झाली. नियम एकच: गाडी कंपनीतून आली तशीच हवी, आतल्या भागांचं वजनसुद्धा कंपनीच्या पुस्तकातल्याइतकंच. मी धारहून आलो आणि पहिला आलो! हार गळ्यात पडले. मग परीक्षक म्हणून मानाजींनी इंजिन उघडलं आणि पिस्टन सराफाच्या तराजूत ठेवला. हवा होता पंचवीस तोळे. भरला तेवीस. पिस्टन हलका, म्हणजे गाडी जास्त पळणार.

"भैयासाहेब, गाडी बाद."

मी थक्क झालो. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, हो! भर गर्दीत ओरडलो, "दुसऱ्याचं यश तुम्हाला बघवत नाही! इंजिन कुणी बांधलंय, माहीत आहे? तुमच्याच धाकट्या भावानं, मारुतीनं!"

मानाजींचा चेहरा पांढरा पडला. पंचांपैकी कुणी मानाजींना म्हणालं, "जाने दो भिया, दोनच तोळे तर आहेत." मानाजींनी मान हलवली. पिस्टन पुसून त्यावर पाना हलकेच वाजवला. धातूचा खणखणीत नाद येईना. फुटक्या मडक्यासारखा आवाज आला. आतून कानशीनं खरवडलेल्या जागी त्यांनी अंगठा दाबला, आणि सभाजनहो, तिथला तुकडा निखळून त्यांच्या तळहातावर पडला.

त्याच गाडीवर, मागे सौ. विनोदिनीला बसवून, मी संध्याकाळी धारला परतणार होतो. भरधाव गाडीत पिस्टन फुटला, तर चाक जागीच जाम होतं. पुढचं काय सांगू?

दुसऱ्या दिवशी मानाजी धारला गेले आणि तो तुकडा मारुतीपुढे ठेवला. मी त्याच्या दारातच उभा होतो. मारुती म्हणाला, "दादा, भैयासाहेब जिंकावेत एवढंच मनात होतं. दोन तोळ्यांनी काय होतंय, वाटलं."

"वहिनीसाहेब मागे बसणार होत्या, मारुती."

मारुतीनं तो तुकडा उचलून मुठीत घट्ट धरला. मानाजी त्याला रागावले नाहीत. दोघांनी मिळून पुऱ्या वजनाचा पिस्टन बसवला. पुढच्या वर्षी मी तिसरा आलो.

मानाजी, त्या दिवशी मी तुम्हाला चारचौघांत नको ते बोललो. तुम्ही कधी विषय काढला नाहीत, आणि मला धीर झाला नाही. तेव्हा आज पुन्हा चारचौघांतच हात जोडतो.

अध्यक्षांनी बोलू दिलं, आपण ऐकून घेतलंत, याबद्दल ऋणी आहे. भाषणातल्या उण्याअधिकाची क्षमा सभेनं करावी. त्या दिवशीच्या शब्दांची मात्र मानाजींनीच करावी.