सुदामचा कमोड आणि तीन गावांचे भाव

...आणि एवढी वणवण करून कमोड बसला कधी, तर दोन महिन्यांनी! तुम्हाला सांगतो, आमच्या बदलापुरातल्या कात्रपच्या बिल्डिंगमधला सुदाम म्हणजे माणूस लाखातला, पण स्वस्ताचं भारी वेड. घरात उकिडवं बसायचा संडास, आई वेणूबाईचे गुडघे गेलेले, डॉक्टरांनी बजावलेलं, खाली बसायचं नाही... म्हणून म्हातारी अंबरनाथला लेकीकडे. आता जावयाच्या घरात असे दिवस काढायचे म्हणजे काय, विचारा कुठल्याही बाईला! रोज संध्याकाळी फोन, "झालं का रे? अरे, खाली भाजी विकते ना पुतळी, तिचा पोरगा हीच कामं करतो, त्याला विचार की!" आणि हा काय म्हणतो? "आई, तुला यातलं कळत नाही. भाग बदलला की भाव बदलतो!"

निघाली स्वारी. स्कूटरवर मागे कोण? मी! दुसरं कोण सापडणार? आधी उल्हासनगर, कॅम्प दोन. दुकानदार सिंधी शेठ काय गोड बोलला! "टाइल देखो साईं, कमोड देखो, इससे सस्ता कहीं नहीं. कहाँ जाएगा? बदलापूर? ओहो... फिर तो गाडी, हमाली, मिस्त्री का आना-जाना, सब अलग!" का हो? "एरिया बदला तो रेट बदला, साईं!" बरं. मग अंबरनाथचा विकास नावाचा कंत्राटदार. तो म्हणे, "माल उल्हासनगरचा, कारागीर बदलापूरचे, मला दोन्हीकडून आणायला लागतं, भाव चढणारच ना दादा?" मग बदलापुरात तरी स्वस्त असावं की नाही? घर इथलं, कारागीर इथले! तर तिथल्या एका कंत्राटी कंपनीचा साहेब लॅपटॉप उघडून म्हणतो, "सर, आमची टीम बाहेरून येते. लोकल माणसाची गॅरंटी कोण देणार?" म्हणजे भाग बदलला की भाव बदलतो, आणि नाही बदलला तरी बदलतोच!

शेवटी काम दिलं उल्हासनगरच्या शेठला. मिस्त्रीच्या रोजच्या येण्याजाण्याचे पैसे वेगळे. पहिल्या दिवशी नवाच्या ठोक्याला मिस्त्री दारात! पायात स्लिपर, अंगावर घामाचा टिपूस नाही. सुदाम खूश, "उल्हासनगरहून एवढ्या लवकर?"

"नाय हो दादा. मी हिरामण, हितंच शिरगावला राहतो. चालत आलो."

"आणि ते येण्याजाण्याचे पैसे?"

"ते शेठ घेतो... मला काय त्याचं?"

सुदाम तिथंच, खोक्यातल्या कमोडवर मटकन बसला.

पण खरं सांगतो, काम झकास केलं हो त्यानं. चार दिवसांत वेणूबाई घरी. आत गेली, बाहेर आली, डोळ्यांना पदर लावला. "सुटले रे बाबा! आता कुणापुढं ओशाळायला नको." आणि तेवढ्यात हत्यारं आवरणारा हिरामण दिसला तिला. "अगं बाई! हाच की पुतळीचा पोरगा!"

सुदामनं दोन महिने आईला ताटकळत ठेवलं, आणि ती पहिल्या दिवसापासून हेच सांगत होती! तिच्याकडे बघेचना बिचारा.

मग जरा वेळानं हिरामणला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "आता किचनचा ओटा थेट तूच कर. शेठ नको, प्रवास नको. भाग तोच, मग भाव उतरेल ना?"

हिरामणनं जिन्यातून खाली वाकून बघितलं. "भाग तोच हाय दादा... पण मजला तिसरा, लिफ्ट नाय. मजला बदलला की भाव बदलतो!"

तर आता तो ओट्याचा दगड तीन मजले कोण चढवतंय, विचारा ना... अहो, तीन गावं पालथी घातली सुदामनं, आणि त्याला फुकट मजूर मिळाला तो एकच. मी!